थम्ब लावायच्या आधी

कोल्हापुरात राजारामपुरीतला टू बीएचके आम्हा दोघांनाही पसंत पडला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण हवा चांगली आणि बायकोची शाळा चालत जाण्यासारखी. भाडं महिना ११,०००, डिपॉझिट ५०,०००, एजंटाला एक महिन्याचं भाडं. एवढं सगळं मालकांच्या हॉलमध्ये चहा संपायच्या आत ठरलं. राहिला फक्त कागद, आणि सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्यातच.

मालकांना आम्ही काका म्हणतो. नोकरीतनं निवृत्त, मूळचे करवीर तालुक्यातल्या गावाकडचे, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात.

“पाचशेचा बॉण्ड आणतो, अकरा महिन्यांचं करून टाकूया,” काका म्हणाले. “कोर्टाकडं आपला टायपिस्ट आहे. नोटरीसकट तासाभरात देतोय. उगं खर्च कशाला करतासा?”

पूर्वी हेच शंभराच्या बॉण्डवर व्हायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शासनानं १०० आणि २०० रुपयांच्या जागी ५०० रुपये मुद्रांक शुल्क केलं, तेव्हापासून बॉण्ड पाचशेचा झाला. मजकूर मात्र तोच, वर्षानुवर्षं एका फाईलवरनं दुसऱ्या फाईलवर उतरवलेला.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. दर वर्षी मार्च जवळ आला की सगळ्या स्टाफच्या भाडेपावत्या आणि करार माझ्या टेबलावर येतात. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं तर एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या आयकर सवलतीसाठी घरमालकाचा पॅन लागतो. आमचं होत होतं १ लाख ३२ हजार. शिवाय गॅसचा पत्ता बदलायचा, बँकेत केवायसी, मुलीचा पहिलीचा प्रवेश. नोटरीचा कागद एखादा क्लार्क चालवून घेतो, दुसरा तोंडावर परत देतो. म्हणून मी म्हटलं, काका, रजिस्टरच करू.

काकांनी कप खाली ठेवला. “रजिस्टर म्हंजे सरकारदरबारी तुमचं नाव लागणार. आणि उद्या कूळ लागलं तर?”

एजंट हसला. मला हसू आलं नाही, कारण हा प्रश्न मी मंगळवार पेठेत लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त दुसऱ्या बाजूनं. आमचे आप्पा, म्हणजे वडील, अजून तिथल्या जुन्या वाड्यात भाड्यानं राहतात. त्या वाड्याचे मालकही असंच म्हणायचे, की तुमच्या आजोबांना दोन खोल्या दिल्या आणि कूळ लावून घेतलं.

काकांच्या भीतीला मूळ होतं. त्यांच्या आजोबांची नदीकाठची जमीन कूळकायद्यात गेली. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, त्यात पुढं दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळं ती विकत घेणारे मालक मानली गेली. काका तेव्हा जन्मलेही नव्हते. पण घरात ती गोष्ट अशी सांगितली गेली, की अजूनही “नाव लागलं” म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं सातबारा येतो. तो कायदा शेतजमिनीचा, राजारामपुरीतल्या फ्लॅटला त्याचा काही संबंध नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टायपिस्टनं करून दिलेला एक जुना करार माझ्या हातात ठेवला. “हे वाचा. आधीच्या भाडेकरूंनी एका मिनिटात सही केली होती.”

घरी आणून वाचला. डोक्यावर ठळक अक्षरांत लीव्ह अँड लायसन्स. आत दुसऱ्या ओळीपासून “भाडेकरू”, तिसऱ्या पानावर “भाडेपट्टा”. मालक सांगतील तेव्हा आठ दिवसांत विनातक्रार घर रिकामं करून द्यायचं. भाडं दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढणार. मालक केव्हाही घरात येऊन पाहणी करू शकतील. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम: घर सोडताना रंगकाम, साफसफाई व “इतर जे काही निघेल ते” डिपॉझिटमधून वजा. इतर जे काही निघेल ते! ऑडिटमध्ये असा खर्च मी लिहिला असता तर साहेबांनी मला घरी पाठवलं असतं.

शाळेतला एक मित्र वकील आहे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात असतो. रविवारी त्याला गाठलं. त्यानं करार चाळला, शीर्षकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “भावा, वर काय लिहिलंय याला किंमत आहे, पण आत काय दिलंय याला जास्त. हा कागद दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभाय.”

मग त्यानं जे सांगितलं ते मला आधी अर्धवटच माहीत होतं. घर दुसऱ्याला वापरायला देण्याचे मुख्य दोन मार्ग. एक भाडेपट्टा, म्हणजे लीज. तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला. त्यात घरावरचा काही हक्कच ठरावीक मुदतीसाठी तुमच्याकडं येतो. दुसरा लीव्ह अँड लायसन्स, तो त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यातला. त्यात मिळते ती फक्त राहण्याची परवानगी. जागेत तुमचा हक्क तयार होत नाही. कुठला कागद कुठला, यावर कोर्टात आजवर पुष्कळ भांडणं झालीत. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं, की दस्ताचं नाव बघू नका, पक्षकारांचा हेतू बघा आणि जागेचा एकट्याचा ताबा कुणाकडं दिला ते बघा.

“मग मालक लोक लीव्ह अँड लायसन्सच का धरून बसतात?” मी विचारलं.

“१९७३ मुळं.” हे मला नवीन होतं. जुन्या भाडेकायद्यात तेव्हा दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे कोणी लायसन्सवर राहत होते ते कायद्यानं भाडेकरू झाले. एका रात्रीत. ज्यांनी पाहुण्यासारखी जागा दिली होती त्यांच्या घरात संरक्षित भाडेकरू बसले. “तुझे काका कूळकायदा म्हणतायत ते चुकीचं आहे, पण भीती अगदीच हवेतली नाही. फक्त आता तो कायदा राहिला नाही. आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्यात लायसन्स म्हणजे लायसन्सच.”

याच कायद्याची दोन कलमं त्यानं मोबाईलवर काढून दाखवली, आणि माझा पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा राहिला.

एक कलम ५५. घर भाड्यानं द्या नाहीतर लायसन्सवर द्या, करार लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. अकरा महिने असो की एक महिना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदलेला करार नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांची जी चाल पडलीय ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळं, त्यात वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. महाराष्ट्रात त्या पळवाटेला २००० सालापासून अर्थ उरलेला नाही, पण टायपिस्टला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दुसरं कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की जागा मालकाला परत द्यायची. नाही दिली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं अर्ज करतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं लागतं. तिथली कार्यपद्धती झटपट आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र घालून बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात खाली एक ओळ आहे: लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा.

मित्र त्या ओळीवर थांबला. “कळलं का? आप्पांच्या वाड्यात कागद नसला तरी कायदा पाठीशी आहे. तुझ्या फ्लॅटमध्ये कायदा तुला फार काही देत नाही. जे मिळवायचं ते करारात लिहून मिळवायचं. नंतर ‘पण तोंडी असं ठरलेलं’ म्हणायला जागा नाही.”

आप्पांचं प्रकरण इथं सांगायला हवं, कारण पेठांमधल्या बऱ्याच घरांची तीच कथा आहे. आजोबांनी वाड्यातल्या दोन खोल्या घेतल्या तेव्हा काही लिहिलंच नव्हतं. आज भाडं महिना ८५ रुपये. मधल्या काळात मालकांनी भाडं घ्यायचं बंद केलं, थकबाकी दाखवून बाहेर काढता येईल या हिशेबानं. आप्पा डगमगले नाहीत. दर महिन्याला मनीऑर्डर. पावत्या आणि “घेण्यास नकार” शेरा मारून परत आलेली कुपनं चहाच्या पत्र्याच्या डब्यात, वर्षावार दोऱ्यानं बांधलेली. डब्याच्या झाकणावर आप्पांच्या अक्षरात चिकटपट्टी: “भाडे – हात लावू नये”.

मित्र म्हणाला, तो डबा म्हणजेच त्यांचा करार. कलम १५ प्रमाणं भाडेकरू प्रमाणित, म्हणजे कायद्यानं धरलेलं भाडं आणि कायद्यानं मंजूर वाढ देत असेल, किंवा द्यायला तयार असेल आणि कराराच्या बाकीच्या अटी पाळत असेल, तर मालकाला ताबा मागता येत नाही. थकलं तरी आधी लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली तर त्या कारणानं घर जात नाही. भाडेवाढ कायद्यानं वर्षाला ४ टक्के. पावती देणं मालकाला सक्तीचं. ताबा मागायची कारणं कलम १६ मध्ये ठरलेली आहेत: मालकाला खरोखर स्वतःसाठी जागा लागणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणं, सहा महिने विनाकारण जागा बंद ठेवणं, अशी.

आप्पांना मात्र वेगळ्याच काळजीनं झोप लागत नव्हती. मी कुटुंब घेऊन राजारामपुरीला चाललोय म्हटल्यावर ते म्हणाले, “तुझं नाव हितनं कमी झालं तर माझ्यामागं खोल्या जाणार न्हाईत न्हवं?” कायदा असा आहे, की भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबातल्या माणसाकडं भाडेहक्क जातो, तसं कुणी नसेल तर वारसाकडं. धाकटा भाऊ, त्याची बायको आई-आप्पांजवळच आहेत. मित्रानं हे सांगितल्यावर आप्पांनी त्याच्याकडनं ते दोनदा वदवून घेतलं, मगच माझ्या घरबदलाला आशीर्वाद दिला.

पण हेही खरं, की वाड्याची कौलं गळतात. दुरुस्तीची जबाबदारी कलम १४ प्रमाणं मालकाची. त्यानं नाही केली तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातनं वळता करू शकतो, पण वर्षाला वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. ८५ रुपयांचे वर्षाचे झाले १,०२०, त्याचा चौथा हिस्सा २५५ रुपये. २५५ रुपयांत कौलं चढवणाऱ्याची अर्ध्या दिवसाची हजेरी भागत नाही. संरक्षण आहे आणि छप्पर गळतंय, दोन्ही एकाच कायद्यामुळं. मालकाची बाजू मला इथं थोडी पटते, आप्पांसमोर मात्र मी हे बोलत नाही.

तिसरा नमुनाही आमच्या घरातच. दाजींचं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान, नोंदलेल्या भाडेपट्ट्यावर. पट्ट्याचं मुद्रांक शुल्क लीव्ह अँड लायसन्सपेक्षा जड, कारण ते मिळकतीच्या बाजारभावावर जातं. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा असेल तर बाजारभावाच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दरानं. दाजी तेव्हा कुरकुरले होते. मग २०१९ चा महापूर आला, दुकानात कमरेच्या वर पाणी. २०२१ ला पुन्हा. त्यानंतर मालकानं कंटाळून ती इमारतच विकली. नवा मालक पहिल्याच आठवड्यात म्हणाला, जागा मोकळी करा. दाजींनी पट्टा दाखवला. पट्ट्यावर असलेली मिळकत विकली तरी पट्टा तसाच राहतो, घेणाऱ्याला तो पाळावा लागतो. विषय संपला. पुरानं जागा कायमची निकामी झाली तर पट्टा सोडून द्यायचा पर्यायही त्याच हस्तांतरण कायद्यात पट्टेदाराला आहे. दाजींनी तो वापरला नाही, शटर बदललं आणि माळे उंच करून घेतले.

“माझ्या बाबतीत काकांनी मध्येच फ्लॅट विकला तर?” मी मित्राला विचारलं.

“घेणारा तुझ्या लायसन्सनं बांधील नाही. सुविधाधिकार कायदा तसं स्पष्ट म्हणतो. सामान हलवायला वाजवी वेळ मिळेल आणि पैसे देऊन घेतलेलं लायसन्स तुझा दोष नसताना मध्येच तोडलं म्हणून काकांकडं भरपाई मागता येईल. पण घर जाईल.”

मग आम्ही दोघांनी वहीच्या पानावर यादी केली, आणि ते पान खिशात घालून मी काकांकडं गेलो. सोबत पेढे वगैरे नाही, हिशेब नेला होता. दोन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी ११,०००, दुसऱ्या वर्षी ११,५००. दोन वर्षांचं भाडं २ लाख ७० हजार. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, त्याचे दोन वर्षांचे १० हजार. एकूण २ लाख ८० हजार, त्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के म्हणजे ७०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर दस्त हाताळणीचा आकार आणि घरी येऊन करून देणाऱ्याची मजुरी. लीव्ह अँड लायसन्स याच दरानं ६० महिन्यांपर्यंत करता येतं, त्यामुळं दर अकरा महिन्यांनी नोटरी करण्यात बचतही नाही.

काका आकडे बघत होते, पण मन “नाव लागण्यात” अडकलेलं. तेव्हा मी ५५ वं कलम बाहेर काढलं. म्हटलं, काका, नोटरीच्या कागदावर मी राहिलो आणि उद्या भांडण झालं, तर मी सांगीन त्या अटी खऱ्या धरतील. मी म्हणालो भाडं पाच हजारच ठरलं होतं, तर खोटं ठरवायचं काम तुमचं. आणि रजिस्टर केलं तर मुदत संपल्याचा पुरावा तुमच्या हातात, मला शब्द फिरवता येणार नाही.

काका गप्प. स्वयंपाकघरातनं काकू ओरडल्या, “अवो मग रजिस्टरच करा की! हे पोरगं खोटं बोलंल म्हणत न्हाई मी, पण ह्याच्यानंतर कोण येईल काय सांगावं?”

खर्च निम्मा-निम्मा ठरला. कायद्यानं जबाबदारी मालकाची असली तरी मी ताणलं नाही, कारण मला ताणायचं होतं ते वहीतल्या पानावर. नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना, पहिले सहा महिने कुणीच मोडायचं नाही. यावर काका लगेच हो म्हणाले. घरफाळा त्यांचा, लाईट बिल माझं, पाण्याच्या मोटरचं बिल वाटून. भिंतीतली गळती, वायरिंग, ड्रेनेज त्यांच्याकडं, नळाचे वॉशर आणि बल्ब माझ्याकडं. गिझर कुणाचा यावर आम्ही दहा मिनिटं घालवली. शेवटी तो त्यांचा, पण बिघडल्याचं मी लगेच कळवायचं. घर बघायला यायचं तर आदल्या दिवशी फोन. हे काकांना लागलं. “माझ्याच घरात मी फोन करून येऊ?” म्हणाले. काकू माझ्या बायकोला सूनबाई म्हणतात. त्यांनीच काकांना सांगितलं, की सूनबाई घरात एकटी असतीया, कळवून गेलेलं बरं.

डिपॉझिट परत कधी, यावर खरी चर्चा झाली. मी किल्ली परत देईन त्याच दिवशी, आणि वजावट फक्त मोडतोडीची, बिलासकट. रंग उडणं ही मोडतोड नव्हे. एजंट मध्येच म्हणाला, आता दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेता येत नाही, कायदा आलाय. तो म्हणतोय तो केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा त्यात आहे खरी, पण तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्यानं स्वतःचा कायदा करून घेतला तरच लागू होतो. आपल्याकडं दावे चालतात ते १९९९ च्याच कायद्यावर, आणि त्यात लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. चुकीच्या कायद्यावर भांडून पाच-दहा हजार कमी करायची माझी इच्छा नव्हती.

आणखी एक अट मी आग्रहानं घातली: थकबाकी असो, वाद असो, पाणी आणि वीज तोडायची नाही. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई या गोष्टी योग्य कारणाशिवाय बंद करायला कलम २९ नं मनाई केली आहे. पण कायद्याच्या व्याख्येतला भाडेकरू मी नव्हतो, लायसन्सवाला होतो. म्हणून करारात ओळ हवी. विक्रीबद्दलही एक ओळ: मुदतीत फ्लॅट विकायचा तर आधी लेखी कळवायचं, दोन महिने द्यायचे, डिपॉझिट काकांनीच परत करायचं. काका म्हणाले, “विकतोय कुणाला? पोराच्या नावावर करायचाय.” तरीही लिहिलं.

नोंदणीच्या दिवशी एक तरुण लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन काकांच्या घरी आला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावायची गरज नाही, नोंदणी विभागाच्या वेबसाईटवरनं सगळं घरबसल्या होतं. मालक, राहणारा आणि दोन साक्षीदार, चौघांचेही आधार. साक्षीला माझा भाऊ आणि काकांचे शेजारी. पोरगा पटापट टाईप करत होता: ई वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ. स्क्रीनवर मसुदा आला आणि तो म्हणाला, “चला, थम्ब घेऊया.”

मी म्हटलं, आधी वाचू. आम्ही ठरवलेल्यातलं मुदत, भाडं आणि डिपॉझिट एवढंच आलं होतं. बाकी सगळा तयार साच्यातला मजकूर. गिझर नाही, फोन नाही, विक्री नाही, पाणी-वीज नाही. इतर अटींच्या रकान्यात त्या एकेक घालायला लावल्या. त्याला पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, तो वैतागला. “साहेब, एवढं कोणच लिहीत न्हाई.” खरंही असेल. पण एकदा चार अंगठे बसले आणि दस्त निबंधकांकडं गेला की त्यात सोयीनुसार शब्द घालता येत नाही. वहीच्या पानावरची प्रत्येक ओळ स्क्रीनवर दिसेपर्यंत मी अंगठा दिला नाही.

आणि मग काकांचाच अंगठा लागेना. यंत्र लाल दिवा दाखवी. हात धुतले, पुसले, काकूंनी थोडं खोबरेल लावायचा सल्ला दिला, पोरगा “तेल नको, तेल नको” म्हणत काच पुसत राहिला. उजवा झाला, डावा झाला. आयुष्यभर फाईली उलटल्यात, रेषा राहिल्यात कुठं, असं काका म्हणत होते. अखेर तर्जनीनं काम झालं. हिरवा दिवा लागल्यावर सगळ्यात मोठा सुस्कारा त्यांनीच सोडला, ज्यांना रजिस्टर नको होतं त्यांनी.

काही दिवसांत डिजिटल सही असलेली पीडीएफ दोघांच्याही मेलवर आली. काकांनी ती रंगीत छापून लॅमिनेट केली. पोलिसांच्या वेबसाईटवर भाडेकरूची माहिती भरायची असते, तीही त्याच आठवड्यात भरली. किल्ली घेताना मी मीटरचं रीडिंग, बाथरूममधली फुटलेली फरशी, बाल्कनीचा गंजलेला कठडा असे सगळे फोटो काढून काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यांनी प्रत्येक फोटोला अंगठ्याची खूण पाठवली. भाडं बँकेतनं जातं, तरी पावती महिन्याला मागतो. आप्पांचा डबा बघून वाढलेला माणूस पावती सोडत नाही.

लायसन्समध्ये मला आप्पांइतकं संरक्षण नाही, याची खंत वाटते का, असं बायकोनं विचारलं. नाही वाटत. आप्पांच्या खोल्यांसारखी घरं आता कुणी देत नाही, आणि ती का देत नाहीत हे काकांशी बोलून चांगलंच कळलं. भांडण झालंच तर वाटही जवळ आली आहे. दुकान किंवा जुन्या भाड्याचा दावा कसबा बावड्यातल्या दिवाणी न्यायालयात, आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ बसतंय. पूर्वी पेठेतल्या भाडेकरूला यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागायची, आणि मालकालाही.

परवा जिन्यात काका भेटले. तळमजल्यावरच्या भाडेकरूंचा नोटरीचा कागद संपतोय, त्यांचंही रजिस्टर करायचं म्हणाले आणि लॅपटॉपवाल्या पोराचा नंबर मागितला. दिला. संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनींना आमच्या कराराची प्रत नेऊन दिली आणि इतर अटींचं पान उघडून दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गिझर कुणाकडं आहे?”